बंद पडलं की आयटीला बोलवा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आयटी विभाग म्हणजे एक मॅनेजर, हाताखाली एक-दोन मुलं आणि जिन्याखालची सर्व्हर रूम, अशा ठिकाणांहून या वेळी जास्त पत्रं आली. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या पद्धती बाजूला ठेवून अशा विभागांना झेपेल तेवढंच इथे सांगितलं आहे.

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्यात वजनकाटा, शेतकी आणि ऊस बिलाचं सगळं काम एका एसक्यूएल सर्व्हरवर (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालीवर) चालतं. रोज रात्री बॅकअप होतो, सकाळी 'सक्सेस' दिसतं. यंदा लेखापरीक्षकांनी विचारलं, 'परत चढवून पाहिलाय का?' पाहिला नव्हता. आता तो कसा तपासायचा? आणि डी ड्राइव्ह दर पंधरवड्याला भरतो, त्याचं काय करायचं?
– ईडीपी (संगणक विभाग) मॅनेजर, सांगली जिल्हा

'सक्सेस'चा अर्थ एवढाच, की रात्री एक फाइल लिहिली गेली. ती उघडते का, तिच्यात कालची शेवटची पावती आहे का, हे त्या हिरव्या खुणेला ठाऊक नसतं. बॅकअप ऐनवेळी दगा देतो त्याची कारणं बहुधा साधी असतात. चालू डेटाबेसची फाइल कॉपी-पेस्ट करून 'बॅकअप' म्हणून ठेवलेली असते. बाहेरची डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आणि तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. बॅकअपला पासवर्ड असतो आणि तो घालणारा माणूस दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो. किंवा पर्यायी मशीनवर एसक्यूएलची जुनी आवृत्ती असते. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीवर चढत नाही.

चाचणीला मोठा खर्च नाही. ८ किंवा १६ जीबी रॅमचा एखादा मोकळा डेस्कटॉप घ्या आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती टाका. ती चाचणीसाठी मोफत आहे, प्रत्यक्ष कामाला मात्र वापरायची नाही. कालचा बॅकअप तिथे वेगळ्या नावाने चढवा. नुसतं 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' चालवून थांबू नका. फाइल पूर्ण आहे आणि वाचता येते एवढंच ते बघतं. चढवून झाल्यावर डेटाबेस आतून शाबूत आहे का ते बघणारी 'डीबीसीसी चेकडीबी' ही आज्ञा चालवा. मग काट्यावरच्या माणसाला शेजारी बसवा आणि तीन गोष्टी जुळवा : काल रात्रीचा शेवटचा टोकन क्रमांक, दिवसभराचं एकूण टनेज आणि कुठल्याही एका सभासदाची पूर्ण पावती. बॅकअप घेताना 'चेकसम'चा पर्याय चालू ठेवला, तर डिस्कने केलेली गडबड त्याच रात्री कळते.

हे करताना घड्याळ लावा. कोरं मशीन ते पहिली पावती छापणं, याला किती वेळ लागला तो आकडा लिहून ठेवा. कार्यकारी संचालक 'किती वेळात चालू होईल?' असं विचारतात, तेव्हा त्यांना सांगायचा खरा आकडा हाच. पहिल्यांदा तो पाच-सहा तासांचा निघाला तर घाबरू नका. यातला बराच वेळ सेटअपची फाइल आणि लायसन्सची की शोधण्यात गेलेला असतो. दोन्ही एका पेन ड्राइव्हवर आणि कागदावर ठेवल्या की पुढच्या वेळी तो निम्म्यावर येईल.

आता डी ड्राइव्ह. डेटाबेस 'फुल रिकव्हरी' या सेटिंगवर असेल आणि लॉगचा (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइलचा) बॅकअप कुणी घेत नसेल, तर लॉग फाइल फुगतच जाते, मग रोज पूर्ण बॅकअप झाला तरी. शेवटी ९००२ क्रमांकाची चूक येते आणि काटा थांबतो. दर पंधरवड्याला लॉग 'श्रिंक' (लहान) करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत राहणं. दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप लावा, तोही दुसऱ्या डिस्कवर. मग एकदाच श्रिंक करा. यात आणखी एक लाभ आहे : दुपारी तीन वाजता सर्व्हर बसला, तर काल रात्रीपासूनची सगळी वजनं न जाता फार तर १५ मिनिटांची जातील. तुमची एसक्यूएलची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती असेल, तर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे हेही बघा. ती ओलांडली की नवी नोंद घेतलीच जात नाही, आणि ही मर्यादा गाठली जाते ती नेमकी ऐन हंगामात.

प्रती किती ठेवायच्या? मूळ डेटा धरून तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक आवाराबाहेर. दोन बाह्य डिस्क घ्या, एक लावलेली असेल तेव्हा दुसरी काढून गट कार्यालयाच्या कपाटात. कायम लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरससाठी सर्व्हरचाच एक भाग असते. नॅस (नेटवर्कवर जोडलेलं साठवणीचं साधन) वापरत असाल, तर त्याचं खातं डोमेन ॲडमिनच्या (पूर्ण नेटवर्कचा ताबा असलेल्या) खात्यापासून वेगळं ठेवा. सर्व्हरने नॅसवर ढकलण्याऐवजी नॅसनेच येऊन फाइल ओढून न्यावी अशी मांडणी करा. म्हणजे सर्व्हर हल्लेखोराच्या हाती गेला, तरी नॅसची किल्ली त्याच्याकडे जात नाही.

ही तपासणी दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी आटोपा, आणि हंगामात महिन्यातून एकदा. सर्व्हर बंद असला, तरी काट्याचा इंडिकेटर वजन दाखवतच असतो. तेव्हा छापील क्रमांकाची, कार्बनची पावती पुस्तकं काट्यावर ठेवा. त्यांची क्रमांकमालिका संगणकाच्या मालिकेपेक्षा वेगळी असू द्या, नाहीतर नंतर नोंदी चढवताना एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात आणि तो घोळ थेट ऊस बिलापर्यंत जातो.

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात ६० पीसी विंडोज १० वर आहेत. त्यांतले ७ मशीनना जोडलेले आहेत, त्यांचं सॉफ्टवेअर ११ वर चालत नाही, आणि मशीन बनवणारी कंपनी उत्तर देत नाही. सगळे एकदम बदलायला पैसे नाहीत.
– आयटी मॅनेजर, पुणे जिल्हा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसी चालतात, पण नव्या भोकांना ठिगळं येणं थांबलं. ६० पीसींचे तीन ढीग करा.

पहिला ढीग ११ वर जाऊ शकणाऱ्यांचा. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) लागतं. 'टीपीएम नाही' असा संदेश आला म्हणून पीसी लगेच भंगारात काढू नका. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एफ-टीपीएम' असं असतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर विंडोजचंच 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन ती फॉरमॅट न करता ११ ला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीत बदलून देतं. पण आधी बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. ही की हाताशी नसल्याचे हाल जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती, आणि बिटलॉकर लावलेल्या प्रत्येक मशीनपाशी ४८ आकडी की टाइप करत बसावं लागलं होतं. त्यातून उचलण्यासारखी आणखी एक सवय : कुठलंही अपडेट आधी प्रत्येक विभागातल्या एकेका पीसीवर चढवा, तीन-चार दिवस जाऊ द्या, मग उरलेल्यांवर.

दुसरा ढीग कार्यालयातल्या जुन्या पीसींचा. पैसे भरून सुरक्षा अपडेट घेता येतात, ती जास्तीत जास्त तीन वर्षं. कंपन्यांसाठी जाहीर दर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर होता आणि तो दरवर्षी दुप्पट होतो. म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. दुसऱ्या वर्षी शिरायचं म्हटलं, तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. एवढ्यात नवा पीसी येतो. त्यामुळे ही सोय फक्त खरेदीला लागणाऱ्या मधल्या काळापुरती वापरा, आणि दर तिमाहीला १०-१२ पीसी बदलण्याचं वेळापत्रक मंजूर करून घ्या.

तिसरा ढीग तुमच्या त्या सात पीसींचा. त्यांना अपग्रेड करायच्या भानगडीत पडू नका, वेगळं पाडा. मॅनेज्ड स्विचवर (ज्याची सेटिंग बदलता येतात अशा) त्यांचा स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) करा. तिथून इंटरनेट बंद, मेल बंद, कार्यालयाच्या नेटवर्ककडे जाणारी वाट बंद. प्रोग्रामची फाइल द्यायला मधे एकच फोल्डर, आणि तोही अँटिव्हायरस असलेल्या वेगळ्या पीसीवर. पेन ड्राइव्ह लावायचाच झाला तर ठरलेला एक, रंग लावून ओळखू येईल असा. मशीनला गरज नसेल तर एसएमबीची (फाइल वाटून घेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती बंद करा. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दारातून शिरला होता, आणि त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं.

व्हायरसपेक्षाही या सात पीसींची डिस्क मरण्याचा धोका मोठा आहे. प्रत्येकाची पूर्ण डिस्क तशीच्या तशी नव्या एसएसडीवर क्लोन करा, ती एसएसडी लावून मशीन खरंच चालतं का ते एका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बघा आणि नाव लिहून कपाटात ठेवा. सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची किल्ली असलेला जोड) असेल तर त्याला केबल टायने बांधा. बोर्डवरचा बटन सेल सीआर-२०३२ तीन-चार वर्षांनी बदला. तो संपला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात आणि सीरियल पोर्ट गायब झाल्यासारखा दिसतो, मग दिवसभर केबल तपासली जाते.

प्रश्न : महाविद्यालयात आठवड्यातून दोनदा तरी 'नेट नाही'ची ओरड होते, तीही सगळीकडे नाही, कुठेकुठे. राउटर बंद-चालू केला की काही वेळ ठीक. नेट देणारा म्हणतो, लाइन चांगली आहे.
– सिस्टिम ॲडमिन, रत्नागिरी

तो बहुधा खरं सांगतोय. राउटर बंद-चालू करायच्या आधी बिघडलेल्या पीसीवर 'आयपीकॉन्फिग ऑल' ही आज्ञा द्या. काय दिसतं त्यावरून वाटा फुटतात.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पीसीला पत्ता मिळालेलाच नाही. वायफाय असलेल्या कॉलेजात याचं नेहमीचं कारण म्हणजे पत्ते संपलेले असतात. २४ चं सबनेट (पत्त्यांचा गट) २५४ पत्ते देतं. विंडोज सर्व्हरचा डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) मूळ सेटिंगनुसार एकदा दिलेला पत्ता आठ दिवस धरून ठेवतो. शिवाय हल्लीचे मोबाइल स्वतःचा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) बदलतात, त्यामुळे एकच विद्यार्थी दोन-तीन पत्ते अडवून बसतो. वायफायचा व्हीलॅन वेगळा काढा, तिथे २२ चं सबनेट द्या म्हणजे १०२२ पत्ते होतील, आणि मुदत दोन ते चार तासांची करा.

पत्ता मिळालाय पण तुमच्या मालिकेतला नाही, समजा तुमचं १० ने सुरू होतं आणि पीसीवर १९२.१६८.० दिसतंय, तर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला त्याच्या लॅन बाजूने जोडला आहे आणि तोही पत्ते वाटत बसलाय. 'डीएचसीपी सर्व्हर'च्या ओळीत त्याचा पत्ता दिसेल. त्याला पिंग करा, 'एआरपी ए' ने त्याचा मॅक घ्या, मॅनेज्ड स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो शोधा, आणि पोर्ट क्रमांक धरून टेबलापर्यंत जा. राउटर सापडला की जप्तीचा सोहळा करू नका. त्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं म्हणूनच तो आला होता, ती गरज आधी भागवा. मग स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या उपकरणाला पत्ते वाटू न देणारी सोय) लावा. फक्त एक सांभाळा : सर्व्हरकडे जाणारं अपलिंक पोर्ट 'ट्रस्टेड' करायला विसरलात, तर पूर्ण इमारतीला पत्ते मिळणं बंद होईल. म्हणून एकेक स्विच करत जा, आणि परीक्षेच्या दिवसांत नकोच.

पत्ता बरोबर आहे, पण सगळंच मंद, आणि स्विचचे सगळे दिवे एका लयीत लुकलुकताहेत? तो लूप, म्हणजे माहिती गोल गोल फिरत राहणं. टेबलाखालच्या आठ पोर्टच्या स्विचमध्ये कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खोचलेली असतात. स्विचवरच्या स्पॅनिंग ट्री आणि स्टॉर्म कंट्रोल या लूप आवरणाऱ्या सोयी चालू करा. त्याने लूप होणं थांबणार नाही, पण तो एका खोलीपुरता राहील.

प्रश्न : आमच्या ८० खाटांच्या रुग्णालयात गेली नऊ वर्षं सगळं आयटी एकच जण बघतात. त्यांनी राजीनामा दिलाय, महिन्याने जातील. माझ्याकडे प्रशासनासोबत आता आयटीही आलंय आणि मला यातलं फारसं कळत नाही.
– प्रशासन व्यवस्थापक, नाशिक

महिना आहे म्हणजे वेळ पुरेसा आहे. फक्त त्यांच्याकडे संशयाने बघायला सुरुवात करू नका. नऊ वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी 'पासवर्ड लिहून द्या' म्हटलं, तर तो लिहून देईल तेवढंच देईल. न विचारलेलं सांगणार नाही.

पहिल्या आठवड्यात मालकी बघा. संकेतस्थळाचं डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे? बरेचदा ते त्या व्यक्तीच्या खासगी जीमेलवर असतं आणि नूतनीकरणाची सूचनाही तिकडेच जाते. डोमेन गेलं की सगळ्या डॉक्टरांचे ईमेल गेले. मेलच्या मुख्य ॲडमिन खात्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? फायरवॉल, एक्स-रे साठवणारी पॅक्स प्रणाली, लॅबच्या मशीनचं इंटरफेस, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, टॅली, यांचे करार आणि ग्राहक क्रमांक कुणाच्या नावावर आहेत? सगळं रुग्णालयाच्या एका सामायिक पत्त्यावर आणि रुग्णालयाच्या सिमवर आणा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कामं लिहून घ्या. 'सर्व्हरची माहिती' असा मथळा देऊन ती लिहिली जात नाही. त्यांना शेवटच्या सहा महिन्यांतले फोन आठवायला सांगा : रात्री काय बंद पडलं, काय केलंत? प्रत्येकासाठी अर्धं पान. मग एक दिवस त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा आणि नव्या माणसाने फक्त ते कागद बघून बॅकअप चढवणं, एक नवा युजर काढणं, लॅबचं इंटरफेस पुन्हा चालू करणं एवढं करावं. जिथे तो उठून त्यांच्याकडे गेला, तिथे कागद अपुरा आहे.

शेवटच्या दिवशी पासवर्ड बदला, पण क्रम सांभाळून : डोमेन नोंदणी आणि मेल ॲडमिन, मग फायरवॉल आणि व्हीपीएन, मग सर्व्हरचे ॲडमिन, सगळ्यात शेवटी 'सर्व्हिस' खाती. ही शेवटची खाती माणसांची नसतात. रात्रीचे बॅकअप, लॅबचे अहवाल पाठवणं अशी कामं त्यांच्या नावाने चालतात. ती कुठेकुठे वापरली आहेत याची यादी न करता पासवर्ड बदलला, तर सकाळी ओपीडीत एकही रिपोर्ट दिसणार नाही. त्यांचं स्वतःचं खातं पुसू नका, बंद करून तीन महिने ठेवा. कुठलं तरी वेळापत्रक त्यावर टांगलेलं निघतंच. सगळ्यात वरचे दोन पासवर्ड सीलबंद पाकिटात, सहीनिशी, वैद्यकीय संचालकांच्या तिजोरीत. आणि जमलं तर तीन महिने तासाच्या दराने सल्लागार म्हणून त्यांच्याशी लेखी करार करा. फुकटच्या ओळखीवर पहिले दोन फोन होतात, तिसरा उचलला जात नाही.

प्रश्न : सूत पुरवठादाराच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला आणि अकाउंट्सने पैसे पाठवले. मेल बनावट होता. आता सगळे आयटीकडे बघताहेत.
– आयटी प्रमुख, इचलकरंजी

दोष कुणाचा ते नंतर बघता येईल. पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आपल्या बँकेला यूटीआर (व्यवहाराच्या) क्रमांकासह लेखी कळवणं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत यायची आशा असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचे असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात, हेही विसरू नका.

मेल पुढे फॉरवर्ड करू नका, त्यातलं मूळ हेडर (मेल कुठून कसा आला याची नोंद) हरवतं. तो मेल फाइल म्हणून उतरवून घ्या. मग दोन शक्यता तपासा. पाठवणाऱ्याचा पत्ता जवळजवळ सारखा पण वेगळा आहे का? इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी-शेजारी ठेवले, की घाईत डोळा फसतो. पत्ता हुबेहूब खरा असेल, तर दोघांपैकी कुणाची तरी मेलपेटी फुटलेली आहे. जुन्या बिलांचे क्रमांक मेलमध्ये बरोबर होते का? होते, तर आपली पेटीही आधी तपासा : गुपचूप लावलेले फॉरवर्डिंगचे नियम, अनोळखी ठिकाणचे लॉगिन. नियम काढा, सगळी सत्रं बंद करा, मगच पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणी लावा. नियम तसाच ठेवून पासवर्ड बदलला, तर चोर आत राहतो.

एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे पडताळण्याच्या पद्धती) लावा, पण त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. तुमच्याच डोमेनच्या नावाने येणारी तोतयेगिरी त्यांनी थांबते, मिळत्याजुळत्या डोमेनची नाही. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (फक्त बघा) ठेवून महिनाभर अहवाल वाचा, मग 'क्वारंटाइन' (बाजूला ठेवा), मग 'रिजेक्ट' (नाकारा). एकदम 'रिजेक्ट' केलंत तर स्वतःच्याच बिलिंग सॉफ्टवेअरचे मेल अडतील.

खरा बांध अकाउंट्समध्येच घालावा लागतो. खातं बदलल्याचा मेल आला, की जुन्या फाइलमधल्या क्रमांकावर फोन. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन केलात तर तिकडूनही 'हो हो, बदललंय'च येणार. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी देणं अपेक्षित आहे. ती पाहिल्याचा स्क्रीनशॉट व्हाउचरला जोडल्याशिवाय दुसरी सही नाही, असा नियम करून घ्या.

प्रश्न : तक्रारी व्हॉट्सॲपवर, जिन्यात, जेवताना येतात. तक्रारी नोंदवायची तिकीट सिस्टिम आणली, कुणी वापरत नाही.
– छत्रपती संभाजीनगर

फॉर्ममध्ये बारा रकाने असतील तर वापरणार नाहीतच. चार पुरेत : कोण, कुठे, काय, काम थांबलंय का. जीएलपीआय किंवा ओएसटिकेट ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि दोन्हींत ईमेल आला की तिकीट आपोआप बनतं, लोकांना नवं काही शिकावं लागत नाही. 'काम थांबलंय' असेल तर फोन, बाकी सगळं ईमेल, एवढा एकच नियम. पहिला महिना फोनवरच्या तक्रारींची तिकिटंही तुमच्या माणसानेच काढावीत. संचालकांना फॉर्म भरायला लावायच्या हट्टात पडू नका. तिकिटांचा उपयोग लोकांना शिस्त लावायला नाही, मोजायला आहे. महिन्याने त्यांची वर्गवारी करा. एकाच मजल्यावरच्या प्रिंटरची तक्रार वीसदा निघाली, तर नव्या प्रिंटरची मागणी दोन ओळींत मंजूर होईल.

प्रश्न : यूपीएस तासभर चालायचा, आता वीज गेली की चार मिनिटांत बसतो. विक्रेता सगळ्या बॅटऱ्या बदला म्हणतो. शिवाय दर मे-जूनमध्ये स्विचचे पोर्ट जळतात.
– आयटी मॅनेजर, चिपळूण

आधी मोजा. ३ केव्हीएच्या यूपीएसला साधारण १२ व्होल्टच्या ८ बॅटऱ्यांची माळ असते. चार्ज होत असताना प्रत्येकीवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. पण खरी परीक्षा लोडवर : सर्व्हर नीट बंद करा, बल्ब किंवा हीटरचा भार लावा, मेन बंद करा आणि दर मिनिटाला प्रत्येक बॅटरी मल्टिमीटरने बघा. एखादी बाकीच्यांच्या आधी १०.५ व्होल्टच्या खाली गेली, तर तीच माळ ओढून नेतेय. माळ वर्षभराची असेल तर ती एक बदला. तीन-चार वर्षांची असेल, तर विक्रेत्याचं बरोबर आहे. जुन्यांत एकच नवी घातली की ती जुन्यांच्या नादाने लवकर मरते. बॅटऱ्यांची खोली किती गरम असते तेही बघा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि एसी सर्व्हरला नि बॅटऱ्या बाहेर जिन्याखाली, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. नव्या बॅटऱ्या आल्या की यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून आपोआप बंद होण्याची व्यवस्था करा; केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली असते.

पोर्ट जळतात त्याचं कारण शोधायला दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल गेली आहे का बघा. वीज जवळपास कुठे पडली, तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून वाट काढतो. तिथे फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर किंवा एसएफपी (स्विचमध्ये खोचायचा फायबरचा जोड) लावा. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांना वेगळा छोटा स्विच द्या आणि तोही फायबरनेच मुख्य स्विचला जोडा. पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी कुणाची ते ठरवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग नवा स्विच. आणि २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात, रॅक पहिल्या मजल्यावर न्या हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : ९९.५ टक्के वेळ चालू राहण्याच्या हमीची लीज लाइन (फक्त आपल्यासाठीची इंटरनेट लाइन) असूनही दुसरी लाइन कशाला, असं संचालक विचारतात.
– बुटीबोरी

त्यांना टक्के सांगू नका, तास सांगा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहिलं तरी हमी मोडत नाही. मोडली, तर भाड्यातून थोडी सूट मिळते, बुडालेला माल नाही. पण दुसरी लाइन घेण्याआधी दोघांच्या केबल रस्त्यापासून रॅकपर्यंत चालत जाऊन बघा. कंपन्या दोन आणि खांब एकच, असं फार ठिकाणी असतं, आणि मग एकाच जेसीबीने दोन्ही तुटतात. एक फायबर नि दुसरी वायरलेस असं मिश्रण बरं. लाइन बदलली की पब्लिक आयपीही बदलतो. बँकेच्या पोर्टलवर, ग्राहकाच्या व्हीपीएनवर जुनाच आयपी नोंदलेला असेल तर नेट चालू असूनही काम अडेल, म्हणून दोन्ही आधीच नोंदवून ठेवा. मग एखाद्या शनिवारी संध्याकाळी, गोदामात शेवटचं बिल झाल्यावर, मुख्य लाइनची केबल हाताने काढा आणि काय काय बंद पडतं त्याची यादी करा.